पाकोळी मास्तरची हमी

हाजी बसरान यांचे मेसेज एरवी शिवीने सुरू होत. त्या दुपारी आलेला मेसेज देवाचे आभार मानून सुरू झाला आणि वेनिंगने तो दोनदा वाचला.

"अल्लाची कृपा. मास्तर सापडले. आमच्याकडेच आहेत."

खाली फोटो. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस बसवलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे मिळून हाजींचे तीन मेहुणे, लग्नातल्या फोटोसारखे ताठ उभे. तिघांच्या हातांत कोयते. मागे चार मजल्यांची, एकही खिडकी नसलेली सिमेंटची इमारत. खुर्चीतल्या माणसाच्या एका पायात चप्पल नव्हती आणि मिशी पांढरी झाली होती.

वेनिंगने फोटो मोठा केला. मग लहान केला. लहान करूनही माणूस तोच राहिला.

खरं तर पाकोळी मास्तर नावाचा माणूस जगात नव्हता. होतं ते फक्त अकाउंट, आणि ते जावा बेटावरच्या लासेममधल्या एका घराच्या मागच्या खोलीतून वेनिंग चालवायची. समुद्रापलीकडे कालिमांतानात लोक रबराच्या बागा विकून असली बिनखिडक्यांची घरं बांधतात आणि त्यांत स्वतः न राहता पाकोळ्यांना ठेवतात. पाकोळी आपल्या थुंकीने घरटं बांधते, ते चांदीच्या भावाने जातं, आणि दूर कुठेतरी एक श्रीमंत माणूस त्याचं सूप पितो. या सगळ्यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. अडचण एकच, पाकोळी आपणहून येत नाही. तिला बोलवावं लागतं. म्हणून छपरावर कर्णा लावून दिवसभर पाकोळ्यांचा आवाज वाजवायचा. तो आवाज वेनिंग विकायची. फाइल मोबाईलवर, पैसे मोबाईलवर, आणि सोबत फुकट ‘पाकोळीचं मन’ नावाची चाळीस पानांची पुस्तिका. तिने पाकोळीला जन्मात हात लावला नव्हता. पण हिजाबाच्या दुकानात इतकी वर्षं पिना विकलेल्या मुलीला मन या विषयावर चाळीस पानं अवघड गेली नाहीत.

सुरुवातीला तिने स्वतःचा फोटो लावला होता. लोक विचारायचे, "ताई, केक पण शिकवता का?" एकही फाइल खपली नाही. या धंद्यात मिशी लागते. घरात मिशी एकच होती, पत्र्याच्या कपाटात, ओळखपत्रासाठी काढलेल्या जुन्या फोटोत. तिच्या बापाची. कास्मिजान नऊ वर्षांपूर्वी बोटीत बसून कालिमांतानातल्या पामच्या मळ्यावर कामाला गेला. आधी ईदला पैसे यायचे, मग ईदला शुभेच्छा यायच्या, मग नुसती ईद यायला लागली. माणूस उपयोगी पडत नाही तर निदान मिशी तरी पडावी, असा विचार करून वेनिंगने तो फोटो लावला. आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, या धंद्यातले सगळे मास्तर लिहितात तशी, हमी लिहिली: ‘पाकोळ्या आल्या नाहीत तर मी जातीने येऊन तुमच्या पाकोळीघरात बसेन, आणि त्या येईपर्यंत उठणार नाही.’ मध्ये अख्खा समुद्र होता. लिहायला काय जातंय.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल. वेनिंगने कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"मी मास्तरांची सेक्रेटरी बोलतेय."

"बरं झालं पोरी, तूच सापडलीस," हाजी म्हणाले. "हे तुझे मास्तर म्हणतायत मी मास्तर नाही. आता मोठी माणसं नम्र असतात हे मान्य. त्यात तुम्ही जावावाले. पण कितीदा? सकाळपासून हेच चाललंय."

"कसे... कुठे भेटले?"

"बंदरावर, कॉफीच्या टपरीत. कॉफीचा गाळ सिगरेटला फासत बसले होते. वर काडीने नक्षी काढत होते, बाटिकवर काढतात तशी. असला उद्योग लासेमचा माणूस सोडून कोण करतो? तुमच्या पुस्तिकेचं पान तीन. ‘मास्तर मूळचे लासेमचे.’ माझ्या मेहुण्याने आधी तोंड बघितलं, मग मोबाईल बघितला, मग परत तोंड बघितलं. त्याला म्हटलं, आता बघत बसू नकोस, धर."

"आत्ता कुठे आहेत ते?"

"आत."

"आत म्हणजे?"

"पाकोळीघरात. हमीप्रमाणे." हाजींच्या आवाजात बिलकूल राग नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "तुझी ती खास आवृत्ती लावलीये चारही मजल्यांवर. महिने झाले. पाखरं येतात, छपरावर गोल फिरतात, आणि शेजारच्या सुप्रीच्या घरात जातात. सुप्रीने काय घेतलंय? तुझीच साधी आवृत्ती! ते काही नाही. दिवस मावळून मगरिबची बांग होईपर्यंत पाखरं आत आली तर मास्तर बाहेर. नाही आली तर दार वेल्डिंग करून टाकतो. वेल्डर बोलावून ठेवलाय. बिचारा उन्हात बसलाय."

"आणि ते कोयते?"

"ते नारळ सोलायला. पाहुण्याला कोरडं ठेवतात का?"

हाजींच्या मागून कर्ण्याचा आवाज येत होता. पाकोळ्यांची चिवचिव, किरकिर, पुन्हा चिवचिव, आणि मध्येच, विहिरीच्या तळातून यावा तसा एका बाईचा आवाज: "ये आता. भात निवला."

वेनिंगने फोन छातीशी दाबला आणि खिडकीतून अंगणात बघितलं. ज्या बाईचा तो आवाज होता ती तिथेच होती. सुमियाती, तिची माक, म्हणजे आई, बादलीशेजारी ओणवी होऊन कपडे पिळत होती.

मुळात वेनिंगने आवाज रेकॉर्ड केला होता बांबूच्या टोकाला माईक बांधून, शेजारच्या को हान यांच्या जुन्या वाड्यावर घरटी करणाऱ्या पाकोळ्यांचा. खाली अंगणात माक कपडे वाळत घालत होती. कपड्यांत कास्मिजानचा एक निळा शर्ट असायचा. तो कुणी घालत नव्हतं तरी दर शुक्रवारी धुतला जायचा, आणि दोरीवर टाकताना माक त्याला म्हणायची, ये आता, भात निवला. ते वाक्य फाइलमध्ये आलं. वेनिंगने ते कापून ‘साधी आवृत्ती’ काढली. मग गिऱ्हाइकांचे मेसेज आले की पहिलीत जास्त पाखरं बसायची, तो बाईचा मंत्र परत टाका. म्हणून तिने तो परत टाकला, नाव दिलं ‘खास आवृत्ती’ आणि किंमत दुप्पट केली. माकला यातलं काही माहीत नव्हतं. माकच्या हिशोबाने मुलगी मोबाईलवर हिजाब विकत होती.

"हॅलो? सेक्रेटरी?"

"हाजीसाहेब, मी तुमचे पैसे परत पाठवते. सगळे. आत्ता."

"पैसे नकोत," हाजी म्हणाले. "रबराची बाग विकली मी. पैसे होते की माझ्याकडे. मला पाखरं पाहिजेत."

"आणि समजा... समजा तो माणूस खरंच मास्तर नसेल तर?"

पलीकडे फोन तोंडाजवळ आला. मग हाजी हळूच म्हणाले, "मग तो कोण, पोरी? पाकोळीघरात अनोळखी माणूस म्हणजे घरट्यांचा चोर. चोराचं आमच्याकडे काय करतात ते तुला सांगून तुझी सांज खराब करत नाही. नीट आठवून सांग. मास्तर आहेत ना?"

वेनिंगने हिशोब केला. हो म्हटलं तर वेल्डिंग. नाही म्हटलं तर नारळाचे कोयते.

"आधी मला त्यांच्याशी बोलू द्या."

लोखंडी दाराची कडी करकरली. फोन अंधारात गेला. पडद्यावर काहीच दिसेना, फक्त ऐकू येत होतं: चिवचिव, घर दमट ठेवणारा पाण्याचा फवारा, आणि आता चारही बाजूंनी, चारही मजल्यांवरून माकचा आवाज. ये आता. भात निवला. ये आता.

"बाई," एक घोगरा पुरुषी आवाज आला, "तुम्ही जी कोण असाल ती, यांना सांगा हो. मी मास्तर नाही. मी होडीवर काम करतो. मिशी माझी आहे, पण धंदा माझा नाही."

वेनिंगने फोन कानाशी घट्ट धरला. हा आवाज ती विसरली आहे असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

"आणि हे बंद करायला सांगा. ही बाई. ही कोण आहे मला माहितीये. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी दोन गावं बदलली. जिथे जाईन तिथे संध्याकाळ झाली की ही छपरावरून मला जेवायला बोलावते. मी मांत्रिकाकडे गेलो, बाई. मांत्रिकाच्या घरावरही हीच."

वेनिंगला हसू आलं, आणि त्याच दारातून मागोमाग रागही आला. मोठा, जुना राग. काही नाही, फोन ठेवायचा. बसू दे त्याला आत. नऊ वर्षांचं ऐकायचं राहिलंय, चार मजल्यांवर ऐकू दे. एक बटण दाबायचं होतं. तिचा अंगठा त्या बटणावर गेलाही.

"हॅलो? बाई, आहात ना?"

"जेवलात का?" तिच्या तोंडून निघून गेलं. घरात कुणीही फोन केला की पहिलं हेच विचारायची सवय.

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला.

"न्दुक?" तो म्हणाला. घरातल्या लेकीला म्हणतात तसं. "वेनिंग, तू?"

दार करकरलं आणि फोन पुन्हा हाजींच्या हातात आला. बाहेर ऊन तिरपं झालं होतं. हाजींनी कॅमेरा वर धरून दाखवला: छपराच्या वर, शेवटच्या मजल्यावरच्या चौकोनी भोकासमोर, पाकोळ्यांचा काळा भोवरा फिरत होता. भोकापर्यंत यायचा, फिरायचा, लांब जायचा. वेल्डरने डोळ्यांवर काळी काच चढवली होती.

"बोल," हाजी म्हणाले. "आहेत की नाहीत?"

"माझ्या आवाजात कोण बोलतंय?"

हे हाजींनी विचारलं नव्हतं. वेनिंगच्या मागे दारात माक उभी होती. खांद्यावर ओले कपडे, सगळ्यांत वर निळा शर्ट.

फोनचा माईक बंद करून वेनिंगने सांगितलं. थांबून थांबून सांगायची सोय नव्हती, म्हणून एका दमात सांगितलं: बांबू, माईक, पाकोळ्या, मिशी, हमी, हाजी, कोयते, वेल्डर. सांगताना तिचं तिलाच ते सगळं दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं वाटलं. माक कपडे खांद्यावरून न उतरवता ऐकत राहिली. शर्टातून पाणी गळून तिच्या पायाशी थारोळं झालं.

"मी एवढी घोगरी बोलते?" माकने शेवटी विचारलं.

"माक!"

"किती गावांत वाजतं हे?"

"बऱ्याच."

"आणि पाखरं खरंच येतात?"

"बहुतेक ठिकाणी."

"तोही ऐकतो?"

"आत्ता कोंडलाय. ऐकतोच आहे."

माक खाली बसली. शर्ट मांडीवर घेतला, कॉलर सरळ केली, खिशावरचा कॉफीचा डाग अंगठ्याने घासला. तो डाग कधीच निघाला नव्हता. मग तिने हात पुढे केला. "दे तो फोन."

"माक, नको, ते लोक चांगले नाहीत..."

"वेल्डर उन्हात बसलाय म्हणालीस ना? दे."

वेनिंगने माईक चालू केला आणि कॅमेऱ्यावरचा अंगठा काढला.

"कोण बोलतंय?" हाजींनी विचारलं.

"सुमियाती," माक म्हणाली. "लासेमहून. भात निवला म्हणणारी."

हाजी बसरान यांनी डोक्यावरची पांढरी टोपी सरळ केली. तिघे मेहुणे पडद्यात घुसले. त्यांच्यातला एक जण कुणालातरी हाक मारायला पळाला, आणि क्षणात पडद्यावर बायका, म्हातारे, एक शेंबडं पोर, सगळं घर गोळा झालं.

"आवाजवाल्या बाई!" हाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही खऱ्या आहात? बाई, आमच्याकडे तुमच्या आवाजावर पानं मांडतात. एक दिवस लाईट गेली तर कुणी जेवायलाच उठलं नाही."

"बरं," माक म्हणाली. "ती टेप बंद करा. आणि हा फोन कर्ण्याला लावा."

"टेप बंद? अहो, ऐन वेळेला! पाखरं बघा वर..."

"लावा म्हणते ना."

हा ‘म्हणते ना’ हाजींच्या घरात रोज वाजणाऱ्या आवाजातला होता, त्यामुळे तिथे सवयीने सगळे हलले. वायर शोधली गेली. मेहुण्यांच्यात कुठली वायर कुठल्या भोकात यावरून थोडी बाचाबाची झाली. वेल्डरने उठून ती नीट लावली, कारण विजेतलं कळणारा तिथे तोच होता. चिवचिव तुटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या इमारतीवर शांतता पसरली आणि त्या शांततेत वेनिंगला पाकोळ्यांच्या पंखांचा सळसळाट ऐकू आला.

"कास्मिजान," माक म्हणाली, आणि समुद्रापलीकडे कर्ण्यातून तिचं बोलणं अर्ध्या क्षणाने मागून परत ऐकू आलं, "मी सुमी बोलतेय. आतून उत्तर देऊ नकोस, मला ऐकू येणार नाही. आणि आलं तरी नकोय. इतकी वर्षं ‘ये’ म्हणाले ते तुला नव्हतं. शर्टाला होतं. शर्टाला म्हटलं तर तो निदान वाळायचा. तुला म्हणायचं ते वेगळं आहे. येऊ नकोस. भात मी आता दोघींपुरताच लावते, आणि तो आम्ही गरम गरम खातो. कुठेही जा, कुणाकडेही जेव. पण माझ्या आवाजाला घाबरून गावं बदलू नकोस, लोक हसतील. माझं झालं."

ती थांबली. मग आठवल्यासारखं म्हणाली, "आणि मिशी काढ. पोरीच्या धंद्याला तुझी अडचण होते."

हाजींनी फोन पुन्हा आकाशाकडे धरला. भोवरा एकदा लांब गेला, इतका लांब की वेनिंगने डोळे मिटून घेतले. वेल्डरची मशीन चालू झाल्याचा गुरगुराट आला. कुणीतरी म्हणालं, "बांग व्हायला आली."

आणि मग बायका किंचाळल्या.

वेनिंगने डोळे उघडले तेव्हा पाकोळ्या आत शिरत होत्या. बाटलीत फनेलने तेल ओतावं तशा, एका धारेने, त्या काळ्या चौकोनात. सुप्रीच्या छपरावरच्यासुद्धा उठून इकडे आल्या. येऊ नकोस ऐकून आल्या, की टेप बंद झाली म्हणून आल्या, की त्यांची वेळच झाली होती, हे कुणाला सांगता येणार नाही. ‘पाकोळीचं मन’ लिहिणाऱ्या मुलीला तर मुळीच नाही. लांबून मगरिबची बांग सुरू झाली. हाजी रडत होते. मेहुण्यांनी कोयते टाकले आणि कडी काढली.

कास्मिजान बाहेर आला. डोक्यावर, खांद्यांवर पाखरांची शीट, एका पायात चप्पल. हाजींनी वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. "मास्तर, माफ करा. आम्ही शंका घेतली." वेल्डर म्हणाला की वेल्डिंग झालं नाही तरी येण्या-जाण्याचं द्यावं लागेल.

कुणीतरी फोन कास्मिजानच्या हातात दिला. त्याने तो नीट बघितला. इकडे पडद्यावर फक्त वेनिंग होती. माक उठून नळावर गेली होती.

"न्दुक," तो म्हणाला. "मी येऊ का?"

"ऐकलं ना तुम्ही."

"कर्ण्यावरून ऐकलं. कर्ण्यावर काय, काहीही ऐकू येतं."

वेनिंगने मागे वळून बघितलं. माकने निळ्या शर्टाची बटणं दातांनी तोडून डब्यात टाकली होती. मग तिने शर्ट मधोमध टर्रकन फाडला, अर्धा बादलीत बुडवला आणि मघाच्या थारोळ्यावर फिरवायला सुरुवात केली. फरशी पुसणारं फडकं म्हणून तो चांगला जाडजूड होता.

"कर्ण्यात काही बिघाड नव्हता, बापाक," वेनिंग म्हणाली. "चप्पल घ्या एक नवीन." एवढं बोलून तिने फोन ठेवला. या वेळी अंगठ्याने बटण दाबलं.

लगेच हाजींचा मेसेज. ‘बाईंचं आत्ताचं भाषण आमच्या मेहुण्याने रेकॉर्ड केलंय पण त्यात त्याचं शिंकणं आलंय. मूळ फाइल मिळेल का? सुप्री पण विचारतोय. त्याला देऊ नका.’

"माक," वेनिंग घाबरत म्हणाली, "पहिला आवाज सगळीकडचा बंद करायला सांगते. सगळ्यांना लिहिते."

"सांग."

"आणि नवीन... नवीन लोक मागतायत."

माकने फडकं पिळलं. बराच वेळ पिळलं. "उद्या करू," ती म्हणाली. "आल्याचं पाणी पिऊन. आज घोगरा होता. आणि मला विचारल्याशिवाय एक शब्द विकलास तर तुलाच त्या घरात नेऊन बसवेन." ती पुसत पुसत दारापर्यंत गेली. "तो फोटो काढ आधी. बिनभाड्याचा किती दिवस ठेवायचा?"

वेनिंगने मिशी काढून टाकली. फोटोच्या जागी राखाडी गोल उरला. लगेच कुणीतरी विचारलं, ‘मास्तर वारले का?’ तिने ‘नाही’ लिहिलं, खोडलं, ‘माहीत नाही’ लिहिलं, तेही खोडलं. को हान यांच्या वाड्यावर पाकोळ्या शिरत होत्या. कुणी न बोलावता, रोजच्यासारख्या.

"न्दुक," स्वयंपाकघरातून आवाज आला. "ये आता. भात निवला."

वेनिंगने फोन पालथा ठेवला आणि जेवायला गेली.